व्यसन काहींनाच का जडते? : व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि मेंदूतील शोधाची शंभर वर्षे (थ्रेड)

१/
जून १९७१. व्हिएतनाममधील नेमणूक संपवून मायदेशी निघणाऱ्या अमेरिकी सैनिकासमोर विमानात पाऊल टाकण्यापूर्वी एक नवीच अट उभी राहिली. लघवीचा नमुना द्यायचा. त्यात हेरॉइनचा अंश सापडला, की त्याचे विमान चुकले. आधी तिथेच थांबून अंगातील नशा उतरू द्यायची, मगच घर. ही मोहीम ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’ या मिस्कील नावाने ओळखली गेली. तिच्यामागची भीती मात्र मिस्कील नव्हती.

२/
त्याच वर्षी रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी हे दोन काँग्रेस सदस्य व्हिएतनामची पाहणी करून परतले होते. तेथील १० ते १५ टक्के अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १७ जून रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले आणि डॉ. जेरोम जॅफी या मनोविकारतज्ज्ञाला व्हाइट हाउसमधील नव्या कार्यालयाचे प्रमुख नेमले.

३/
भीती समजण्याजोगी होती. एकदा हेरॉइनची सवय लागली, की माणूस त्यातून सुटत नाही, हे तेव्हाचे सर्वमान्य मत होते. ते निराधारही नव्हते. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे १९३५ पासून सरकारचे एक भले मोठे रुग्णालय चालू होते. निम्मे तुरुंग, निम्मे शेत. ‘नार्कोटिक फार्म’ म्हणूनच ते प्रसिद्ध होते. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांच्यासारखे काही तेथून कायमचे मुक्त होऊन बाहेर पडले. पण बहुसंख्य रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा त्याच वाटेला लागत. आता असे हजारो तरुण, शस्त्र चालवण्याचे शिक्षण घेतलेले, एकाच वेळी देशात उतरणार होते.

४/
पुढे काय होते हे मोजण्याचे काम जॅफी यांनी सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांच्याकडे सोपवले. सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांच्या याद्यांतून त्यांनी दोन गट निवडले. एक सर्वसाधारण सैनिकांचा, दुसरा लघवीच्या तपासणीत दोषी आढळलेल्यांचा. परतल्यानंतर आठ ते बारा महिन्यांनी सुमारे ९०० जणांना गाठून मुलाखती घेण्यात आल्या. निवडलेल्यांपैकी जवळजवळ सगळे सापडले. अशा पाहणीत हे फारच क्वचित घडते.

५/
आकडे असे आले. व्हिएतनाममध्ये असताना सुमारे ४५ टक्के सैनिकांनी अफू वा हेरॉइनसारखा पदार्थ निदान एकदा घेतला होता. सुमारे २० टक्के त्याच्या पूर्ण आहारी गेले होते. म्हणजे काँग्रेस सदस्यांचा अंदाज अतिशयोक्त नव्हता, उलट कमीच होता. परंतु त्या २० टक्क्यांपैकी मायदेशी परतल्यानंतर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाले ते केवळ ५ टक्के. तीन वर्षांत, अगदी थोड्या काळापुरते धरले तरी, १२ टक्के.

६/
यावर विश्वास बसणे कठीण होते. सैनिक खोटे बोलले असतील, ही शंका सर्वांत आधी आली. पण मुलाखतीच्या वेळीही लघवीचे नमुने घेतले होते आणि ते सैनिकांच्या बोलण्याशी जुळत होते. त्याहून विलक्षण म्हणजे, पूर्वी व्यसनी असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी परतल्यावर केव्हातरी तो पदार्थ पुन्हा घेतला होता. घेतला आणि तरीही अडकले नाहीत. ‘एकदा चाखले की संपले’ या समजुतीत हे बसत नव्हते. रॉबिन्स यांना पुढची वीस वर्षे या निष्कर्षाचा बचाव करावा लागला.

७/
या अभ्यासाचा एक धडा आज सर्वत्र सांगितला जातो : परिस्थिती बदलली की व्यसन सुटते. तो खराच आहे. पण त्याच आकड्यांत एक दुसरा प्रश्न दडला होता आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. युद्ध तेच, पदार्थ तोच, शुद्ध आणि स्वस्त, कंटाळा आणि भयही तेच. मग पाचातला एकच का अडकला? आणि परतल्यावर सुटलेल्यांमधून ते थोडके पुन्हा का घसरले? रॉबिन्स यांना उत्तराचा एक धागा मिळाला होता. सैन्यात जाण्यापूर्वीच ज्यांनी नशेचे पदार्थ वापरले होते, ज्यांचे वर्तन लहानपणापासून बेबंद होते, त्यांना धोका अधिक होता. काहीतरी व्हिएतनामच्या आधीपासूनच त्यांच्याबरोबर होते.

८/
थोडे विषयांतर. मराठीत आपण ज्याला ‘व्यसन’ म्हणतो त्या शब्दाचा संस्कृतातील एक अर्थ ‘संकट’ असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीच आहे. त्यात दुष्काळ, महापूर, शत्रूची चढाई यांच्याच पंक्तीला मृगया, द्यूत, स्त्रिया आणि मद्यपान ही राजाची कामज व्यसने बसवली आहेत. यांतले कोणते अधिक घातक, यावर पूर्वाचार्यांशी वादही घातला आहे. जुगार आणि दारू एकाच शब्दात बांधणारी ही दृष्टी मेंदूविज्ञानाला विसाव्या शतकाच्या अखेरीस गवसली. कोणता राजा बळी पडेल आणि कोणता नाही, याचे उत्तर मात्र कौटिल्यानेही शिक्षण आणि इंद्रियजय यांवरच सोपवले.

९/
‘काहींनाच का?’ या प्रश्नाला आधुनिक वैद्यकाने दिलेले पहिले ठाम उत्तर क्रूर होते. १९२५ मध्ये अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉ. लॉरेन्स कोल्ब यांनी व्यसनींचे प्रकार पाडले. सुदृढ मनाच्या माणसाला अफूतून केवळ वेदनेपासून सुटका मिळते. ज्याचे व्यक्तिमत्त्व मुळातच सदोष आहे त्यालाच तीतून सुख मिळते, म्हणून तोच अडकतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. हेच कोल्ब पुढे लेक्सिंग्टनचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे, की व्यसनींना तुरुंगात डांबण्याच्या धोरणावर त्यांनी पुढे कडाडून टीका केली. पण ‘सदोष माणूस’ हा शिक्का मात्र मागे राहिला.

१०/
लेक्सिंग्टनमध्येच डॉ. अब्राहम विकलर यांना एक वेगळी गोष्ट दिसली. महिनोन् महिने नशेपासून दूर असलेला, पूर्ण बरा झालेला रुग्ण आपल्या जुन्या वस्तीत पाऊल टाकतो आणि त्याचे नाक वाहू लागते, जांभया येतात, अंग शहारते. हेरॉइन सोडताना होणारा सारा त्रास, हेरॉइन अंगात नसताना. पुण्या-मुंबईच्या गर्दुल्ल्यांच्या बोलीत ज्याला ‘टर्की’ म्हणतात, तीच ही टर्की. पावलॉव्हच्या कुत्र्याला जशी घंटा, तशी या माणसाला ती गल्ली. रॉबिन्स यांचे सैनिक आपली ‘गल्ली’ पॅसिफिक महासागरापलीकडे सोडून आले होते. लेक्सिंग्टनचा रुग्ण मात्र नेमका तिथेच परत जात होता.

११/
गल्लीची ही खूण मेंदूत नेमकी कुठे उमटते? त्याचा पत्ता एका चुकीमुळे लागला. १९५३ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदराच्या मेंदूत विजेची तार बसवत होते. एका उंदरात तार ठरवलेल्या जागेवरून घसरून भलतीकडे गेली. मेज ज्या कोपऱ्यात असताना त्याला विजेचा सूक्ष्म धक्का मिळे, त्या कोपऱ्याकडे तो उंदीर पुन्हा पुन्हा जाऊ लागला. मग त्यांनी कळ उंदराच्याच स्वाधीन केली. असे उंदीर तासात शेकडो, पुढच्या प्रयोगांत तर हजारो वेळा ती कळ दाबत राहिले. १९५४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘सुखाचे केंद्र’ म्हटले. पुढे कळले की ते केंद्र नसून मार्ग आहे आणि त्यावरून वाहणाऱ्या रसायनांत डोपामिन मुख्य आहे.

१२/
१९७३ मध्ये, म्हणजे रॉबिन्स आपले आकडे जुळवत असतानाच, बाल्टिमोर येथे कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतील अफूचे रिसेप्टर दाखवून दिले. अफूची किल्ली ज्यात बसते ते कुलूप. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी निसर्गाने माणसाच्या मेंदूत कुलूप का घडवावे? दोन वर्षांत स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून शरीराची स्वतःची अफू वेगळी काढली आणि कोडे सुटले. पण कुलपे सर्वांनाच असतात. पाचातल्या एकाचे कोडे तसेच राहिले.

१३/
त्याचा पुढचा दुवा योगायोगाने रॉबिन्स यांच्याच विभागातून आला. डॉ. डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ मध्ये डेन्मार्कमधील दत्तक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत जन्मदात्यांपासून दूर झालेली ५५ मुले. त्यांच्या जन्मदात्यांपैकी एक दारूग्रस्त. मुलांनी ते घर पाहिलेही नव्हते. तरी मोठेपणी त्यांतील १८ टक्के दारूच्या आहारी गेले. तुलनेसाठी घेतलेल्या ७८ दत्तक मुलांत हे प्रमाण ५ टक्के होते. बाप पितो ते पाहून मुलगा पितो, हे घराघरातले स्पष्टीकरण इथे अपुरे पडले. मात्र दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. दारूग्रस्त पालकांच्या मुलांपैकी ८२ टक्के तसे झाले नाहीत.

१४/
वारशाने येते ते काय? दारूची ओढ? १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री बेग्लायटर यांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. ७ ते १३ वर्षे वयाचे २५ मुलगे, सर्वांचे वडील दारूग्रस्त, मुलांनी स्वतः दारूला कधी स्पर्शही केलेला नाही. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून त्यांना पडद्यावर चित्रे दाखवली. अनपेक्षित चित्र दिसले की सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी मेंदूत एक विद्युत्-लहर उठते, तिला पी-३०० म्हणतात. या मुलांमध्ये ती लहर इतर मुलांपेक्षा लहान होती. पहिल्या घोटाच्या कित्येक वर्षे आधी. पुढे बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधील संशोधकांनाही दारूग्रस्तांची दाटी असलेल्या कुटुंबांत असाच कल आढळला.

१५/
ही लहर दारूची नव्हे, तर मेंदूच्या स्वतःला आवरण्याच्या क्षमतेची खूण आहे, असे आता मानले जाते. अशीच लहान लहर अतिचंचल मुलांत आणि बंडखोर वर्तनाच्या तरुणांतही दिसते. म्हणजे वारशाने येते ती दारू नव्हे. येतो तो सैल ब्रेक.

१६/
कॅलिफोर्नियातील डॉ. मार्क शुकिट यांना भेटलेले उत्तर याच्या अगदी उलट दिशेचे वाटते. विशीतल्या तरुणांना त्यांनी प्रयोगशाळेत मोजून दारू दिली आणि कोण किती झिंगतो ते नोंदले. दहा वर्षांनी त्यांनी तेच तरुण पुन्हा शोधले. १९९४ चा निष्कर्ष असा होता : दारूग्रस्त बापांच्या मुलांपैकी ज्यांना त्या दिवशी दारू फारशी चढली नव्हती, त्यांतील ५६ टक्के पुढे व्यसनी झाले. ज्यांना लवकर चढली होती, त्यांतील १४ टक्के. मित्रमंडळींत ‘याला चढतच नाही’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याचीच काळजी करायला हवी होती. थांब, पुरे झाले, हा शरीराचा निरोप ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तो पुढचा पेला भरतो.

१७/
मग आली जनुकांची लाट, आणि तिच्याबरोबर घाई. एप्रिल १९९० मध्ये केनेथ ब्लम आणि अर्नेस्ट नोबल यांनी मृत्यूनंतर जतन केलेले ७० मेंदू तपासून जाहीर केले, की दारूग्रस्तांपैकी ६९ टक्क्यांत डोपामिनच्या डी-२ रिसेप्टरशी संबंधित जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आढळतो. इतरांत तो फक्त २० टक्क्यांत होता. ‘दारूचे जनुक सापडले’ असे मथळे झळकले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्याच नियतकालिकात, दुसऱ्या गटाने कळवले की आम्हाला असा फरक आढळत नाही. पुढे तर असे दिसले, की तो बदल त्या जनुकात नसून शेजारच्याच जनुकात आहे.

१८/
गंमत अशी, की दारूबाबत ज्याचा परिणाम सर्वांत निर्विवाद ठरला तो जनुकीय बदल मेंदूत नव्हे, यकृतात काम करतो. चीन, जपान, कोरिया येथील कोट्यवधी लोकांत एएलडीएच-२ हे विकर दुबळे असते. दारूचा घोट घेताच चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळते. अशा माणसाला व्यसन लागण्याची शक्यता फार कमी. त्यांच्या संयमाला जे श्रेय मिळाले असेल, त्यातले पुष्कळसे या विकराचे आहे.

१९/
दरम्यान फ्रान्समधील बोर्दो येथे उंदीर हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडत होते. उंदीर सारखे नसतात, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. बहुतेक जण हा फरक सरासरीत बुडवून टाकतात. पिएर व्हिन्चेन्झो पियाझा आणि मिशेल ल मोआल यांनी त्या फरकाकडेच पाहिले. अनोळखी जागी सोडल्यावर काही उंदीर कोपऱ्यात दबकतात, काही सारी जागा हुंगून पालथी घालतात. १९८९ मध्ये त्यांनी दाखवले, की हे दुसऱ्या प्रकारचे भटके उंदीर ॲम्फेटामिन स्वतःहून घेण्याची सवय अधिक सहज लावून घेतात.

२०/
गोष्ट इथेच संपली असती तर ती सोपी झाली असती. धाडसी स्वभाव म्हणजे व्यसनाचा धोका, एवढेच. पण पियाझा यांच्याच गटाने २००४ मध्ये तिला छेद दिला. या वेळी उंदरांना सुमारे तीन महिने कोकेन स्वतःहून घेऊ दिले. मग तीन कसोट्या लावल्या. कोकेन मिळत नसतानाही उंदीर धडपडतो का? एका मात्रेसाठी किती कष्ट उपसतो? आणि सोबत विजेचा झटका बसत असूनही थांबत नाही का? घेत सगळेच होते आणि सारख्याच प्रमाणात. तिन्ही कसोट्यांत ‘व्यसनी’ ठरले ते १७ टक्के. एका भल्या मोठ्या अमेरिकी पाहणीत, कोकेन कधीतरी घेतलेल्या माणसांपैकी त्याच्या आहारी गेलेल्यांचे प्रमाणही जवळजवळ १७ टक्केच भरले होते. हेरॉइनसाठी ते २३, दारूसाठी १५ आणि तंबाखूसाठी ३२ टक्के होते. होय, तंबाखू सर्वांत वर.

२१/
आणि भटकेपणा? त्यावरून हे १७ टक्के ओळखता आलेच नाहीत. सुरुवात कोण करतो आणि अडकतो कोण, हे दोन वेगळे प्रश्न ठरले. चार वर्षांनी केंब्रिजच्या संशोधकांबरोबर झालेल्या कामात दिसले, की अडकणाऱ्यांची खूण कुतूहल नसून उतावीळपणा आहे. चोरून पहिली सिगरेट ओढणाऱ्या पोराकडे पाहून आईबाप ज्या स्वभावाला घाबरतात, तो कदाचित चुकीचा स्वभाव आहे.

२२/
जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचे काम नोरा व्होलकाव यांनी केले. मेक्सिको सिटीत ज्या घरात लिऑन ट्रॉट्स्कीचा खून झाला, त्याच घरात त्याची ही पणती लहानाची मोठी झाली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पीईटी यंत्राने कोकेनव्यसनींचे मेंदू पाहताना १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांना आढळले, की डोपामिनचे डी-२ रिसेप्टर त्यांच्यात कमी असतात आणि नशा सोडून महिने लोटले तरी कमीच राहतात. याच व्होलकाव २००३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन-संशोधन संस्थेच्या प्रमुख झाल्या. आपल्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी, दारू आवरता येत नाही म्हणून आत्महत्या केली होती, हे त्यांना आईने मृत्युशय्येवर सांगितले. मेंदूवर आयुष्य वाहिलेल्या मुलीपासूनही घराने ते इतकी वर्षे लपवून ठेवले होते.

२३/
१९९९ चा त्यांचा एक छोटा प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. व्यसन नसलेल्या २३ निरोगी पुरुषांना त्यांनी मेथिलफेनिडेट हे उत्तेजक टोचले. काहींना ते सुखद वाटले, काहींना नकोसे, अंगावर येणारे. मेंदूच्या प्रतिमा पाहिल्या तेव्हा दिसले, की ज्यांचे डी-२ रिसेप्टर कमी त्यांना सुख झाले आणि ज्यांचे भरपूर त्यांना त्रास. कोल्ब यांनी १९२५ मध्ये पाहिलेला भेद खराच होता. त्याला त्यांनी दिलेले नाव तेवढे चुकीचे होते.

२४/
तरी एक पेच उरत होता. व्यसनींचे रिसेप्टर आधीपासून कमी होते की कोकेनने कमी केले? माणसावर याची शहानिशा करता येत नाही. २००७ मध्ये केंब्रिजचे जेफ्री डॅली, ट्रेव्हर रॉबिन्स आणि बॅरी एव्हरिट यांनी ती उंदरांवर केली. भिंतीत पाच भोके. त्यांतल्या एकात दिवा लागेपर्यंत थांबायचे, मग तिथे नाक खुपसायचे. काही उंदरांना तेवढा धीर धरवतच नाही. अशा उतावळ्या उंदरांच्या मेंदूत, कोकेनचा कणही पोटात गेलेला नसताना, डी-२ आणि त्याचा जोडीदार डी-३ यांचे प्रमाण कमी होते. पुढे कोकेन मिळताच अधिकाधिक घेणारेही तेच ठरले. म्हणजे काही अंशी तरी, आधीच.

२५/
पण ‘आधीच’ म्हणजे ‘जन्मतःच’ नव्हे. उत्तर कॅरोलायनातील मायकेल नॅडर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला माकडांवरचा प्रयोग या साऱ्या इतिहासातला बहुधा सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. वीस माकडे आधी एकेकटी ठेवली. तेव्हा त्यांच्या रिसेप्टरांत कसलाही नियम दिसला नाही. मग चार-चारचे गट केले. काही आठवड्यांत प्रत्येक गटात वरचा कोण, खालचा कोण हे ठरले. पुन्हा प्रतिमा घेतल्या तर वरचढ माकडांत डी-२ चे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शाने वाढले होते. दबलेल्यांत ते होते तिथेच. कोकेन समोर आल्यावर वरचढांना त्याची गोडी लागली नाही. दबलेल्यांना लागली.

२६/
रॉबिन्स यांचा समाजशास्त्रीय आकडा आणि व्होलकाव यांची मेंदूची प्रतिमा इथे एका जागी येतात. वातावरण की मेंदू, हा वाद वर्षानुवर्षे दोन तटांत चालला. एका बाजूला कॅनडातील ब्रूस अलेक्झांडर, ज्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांना ऐसपैस, मित्रांनी भरलेले ‘रॅट पार्क’ देऊन दाखवले की तेथील उंदीर मॉर्फिनकडे फारसे फिरकत नाहीत. (हा निष्कर्ष नंतर इतरांना प्रत्येक वेळी मिळाला नाही, हे समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत सहसा सांगितले जात नाही.) दुसऱ्या बाजूला जनुके मोजणारे. नॅडर यांच्या माकडांत पिंजऱ्यातली उतरंडच मेंदूत उतरली होती.

२७/
डोपामिन म्हणजे सुख, ही समजूतही एव्हाना डळमळली होती. मिशिगनच्या टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये मांडले, की डोपामिन आवडीचे नव्हे, ओढीचे रसायन आहे. आवडणे आणि हवेहवेसे वाटणे मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालते. व्यसनात दुसरी वाट अधिकाधिक तीव्र होते, पहिली तशीच राहते किंवा आटते. आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेले पार्किन्सनचे काही रुग्ण डोपामिनसारखे काम करणारे औषध सुरू होताच जुगारात बुडाले आणि मात्रा कमी करताच थांबले. या नोंदी २००० नंतर वाढल्या. ‘आता मजा येत नाही, तरी घ्यावीच लागते’ हे प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्रात ऐकू येणारे वाक्य कांगावा नाही, याला प्रयोगशाळेचा आधार मिळाला.

२८/
२०१२. पुन्हा केंब्रिज. कॅरेन अर्शे यांनी सख्ख्या भावंडांच्या ५० जोड्या जमवल्या. प्रत्येक जोडीत एक जण कोकेन वा तत्सम उत्तेजकाच्या पूर्ण आहारी गेलेला, दुसऱ्याला कसलेच व्यसन नाही. शिवाय नात्यात नसलेले ५० निरोगी लोक. कसोटी सोपी होती : बाण दिसला की बटण दाबायचे, पण मध्येच आवाज झाला तर हात आवरायचा. व्यसनी भावंडाला ते नीट जमले नाही, हे अपेक्षितच होते. पण व्यसन नसलेल्या भावंडालाही जमले नाही. ब्रेक लावणाऱ्या कपाळामागच्या भागाला जोडणारे तंतू दोघांतही सारखेच विस्कळीत होते.

२९/
म्हणजे ज्याला घर, नातेवाईक, शेजारी इतकी वर्षे ‘बघ, तुझा भाऊ कसा राहतो’ असे ऐकवत आले, त्याचा भाऊही तोच मेंदू घेऊन जगत होता. एक बुडाला, एक तरला. असा मेंदू असूनही तो दुसरा कसा तरला, हा प्रश्न अर्शे यांनीच पुढे ठेवला, आणि आज या क्षेत्रातले पुष्कळ संशोधन ‘कोण बुडतो’ हे सोडून ‘कोण तरतो’ याकडे वळले आहे. व्होलकाव यांच्या गटाला २००६ मध्ये त्याचा एक कवडसा दिसला होता. घरात दारूची परंपरा असूनही जे स्वतः त्यापासून दूर राहिले, त्यांच्या मेंदूत डी-२ रिसेप्टर इतरांपेक्षा जास्त होते.

३०/
ली रॉबिन्स यांचे २००९ मध्ये निधन झाले. त्यांच्या यादीतल्या त्या पाच टक्क्यांच्या मेंदूत काय होते, हे कोणी पाहिले नाही, कारण १९७४ मध्ये ते पाहण्याची सोय नव्हती. जिवंत माणसातील डोपामिन रिसेप्टरांची पहिली प्रतिमा १९८३ ची. पण ज्या पीईटी यंत्राने पुढे ती सोय झाली ते, सैनिकांच्या मुलाखतींचे कागद रॉबिन्स यांच्या मेजावर येत होते त्याच वर्षांत, सेंट लुइसच्या त्याच वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल टेर-पोगोसियन आणि मायकेल फेल्प्स यांच्या प्रयोगशाळेत जुळवले जात होते.